निमोचं कूळ

आमच्या शिरड शहापूरला खोल पाणी म्हणजे विहीर. घागर पडली की गळ टाकायचा, गळाला लागली नाही तर पट्टीच्या पोहणाऱ्यानं बुडी मारायची. समुद्र पाहायचा तर अख्खा मराठवाडा ओलांडून घाट उतरावा लागतो. तरीही कॅप्टन निमो मला परका वाटत नाही.

ज्यूल व्हर्नच्या मनात निमो आधी पोलिश होता, 1863च्या उठावात रशियाच्या झारानं देशोधडीला लावलेला. प्रकाशक हेत्झेल यांना रशियातला खप बुडायची धास्ती. म्हणून 1869-70च्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’मध्ये पाणबुडीच्या या मालकाला देशच नाही. निमो म्हणजे लॅटिनमध्ये ‘कुणीच नाही’. त्याला कुळी मिळाली ती ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये, 1875 साली: बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा डक्कर, टिपू सुलतानाच्या नात्यातला (वयाचा मेळ बसत नाही, पण व्हर्नला बंडखोर रक्त हवं होतं), सत्तावन्नला इंग्रजांशी लढून घरदार गमावलेला.

या कुळीची आठवण ठेवली ती 1916च्या मूकपटानं. स्टुअर्ट पॅटननं दोन्ही कादंबऱ्या एकत्र गुंफल्या आणि निमोला हिंदी राजपुत्रच ठेवलं. भूमिका मात्र रंग लावलेल्या अमेरिकी नटानं केली. बहामाच्या समुद्रातलं चित्रीकरण विल्यमसन बंधूंचं. त्यांनी कॅमेरा भिजवलाच नाही. तराफ्यातून पाण्यात लोखंडी नळी सोडली, अगदी आडासारखी, आणि तिच्या तळाला जाड काचेची खिडकी असलेली खोली. नळीतून माणूस उतरायचा, वरून हवा यायची, आणि कोरड्या अंगानं तो काचेपलीकडचे मासे टिपायचा. विहिरीच्या तळाशी बसून समुद्र पाहायचा! विहिरीवर वाढलेल्या मला ही युक्ती फार जवळची वाटते.

1954 साली डिस्नेनं जेम्स मेसनला निमो केलं, तेव्हा बुंदेलखंड गळालं. 2003 मध्ये नसीरुद्दीन शाह निमो झाले आणि भूमिका भारतीय नटाकडे आली.

मला मात्र आमच्या शेजारची हिंगोली आठवते. तिथं निजामाच्या मुलखातल्या हैदराबाद काँटिंजंटची छावणी होती, आणि 1858 मध्ये याच काँटिंजंटच्या तुकड्या इंग्रज सेनानी ह्यू रोझबरोबर बुंदेलखंडातल्या झाशीवर चालून गेल्या. डक्कर खरा असता, तर आमच्या शेजारी तळ असलेल्या फौजेचे स्वार त्याच्यावर तलवार उगारून उभे राहिले असते.