पट्टी दिसली म्हणजे एन्झाइम सापडलं का?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी लॅब मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं, "आपल्या पेशींमध्ये ई-२ कमी झालंय." पुरावा म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. कंट्रोलमध्ये ठसठशीत पट्टी, शेजारच्या लेनमध्ये फिकी. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "ही अँटिबॉडी नेमकं काय ओळखते?" मला उत्तर आलं नाही. ते शोधताना जो इतिहास हाती लागला तो तुम्हाला सांगते, कारण उद्या हाच प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारणार आहे.

आधी ई-२ म्हणजे काय ते बघू. पायरुव्हेटपासून अ‍ॅसिटिल-कोए बनवणारं पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे मायटोकाँड्रियातलं एक भलंमोठं संकुल. त्यात ई-१, ई-२, ई-३ असे घटक असतात. ई-२ ला लिपोइक अ‍ॅसिडचा एक लवचिक 'हात' जोडलेला असतो. तो हात एका घटकाकडून माल घेतो आणि पुढच्याकडे देतो.

आता गंमत बघा. या एन्झाइमला ओळखणारी अँटिबॉडी कुठल्याही कंपनीच्या कितीतरी आधी माणसाच्या रक्तात सापडली. १९६५ साली लंडनमध्ये वॉकर, डोनियाक, रॉइट आणि शीला शेरलॉक यांनी प्रायमरी बिलियरी सिरोसिस या यकृताच्या आजाराच्या रुग्णांचं सीरम ऊतींच्या पातळ कापांवर टाकलं. फ्लुओरेसन्समध्ये पेशींतले मायटोकाँड्रिया चमकले. हे रुग्ण स्वतःच्याच मायटोकाँड्रियाविरुद्ध अँटिबॉडी बनवत होते! आजाराचं निदान करायला एक चाचणी मिळाली, आणि ती आजही वापरात आहे.

पण मायटोकाँड्रियात शेकडो प्रोटीन्स असतात. त्यातलं नेमकं कोणतं? हे कळायला तब्बल २३ वर्षं लागली. का? कारण चमक दिसली की जागा कळते, नाव कळत नाही. जेलवर वेगळी केलेली प्रोटीन्स कागदावर उतरवून अँटिबॉडीनं तपासायची पद्धत टोबिन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. मग पट्टीचं वजन कळू लागलं: साधारण ७० किलोडाल्टन. तरी वजन म्हणजे ओळख नव्हे. १९८७ मध्ये गर्शविन, मॅके, कॉपेल आदींनी उंदराच्या जातीतल्या रॅटच्या यकृताच्या सीडीएनए लायब्ररीतून या अँटिजेनचा जनुक वेगळा केला. १९८८ मध्ये न्यूकॅसलच्या येमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं सीरम शुद्ध केलेल्या एन्झाइमवर तपासलं आणि कोडं सुटलं: मुख्य लक्ष्य होतं ई-२.

इथंच माझा पाय घसरला होता. रुग्णांच्या अँटिबॉडी फक्त पायरुव्हेटच्याच ई-२ ला चिकटत नाहीत. सारख्याच रचनेच्या दुसऱ्या संकुलांच्या ई-२ लाही चिकटतात. त्या ज्या भागावर बसतात, तो लिपोइक अ‍ॅसिड जोडलेला भाग या सगळ्यांत मिळताजुळता आहे. म्हणजे अँटिबॉडी प्रोटीनचं नाव वाचत नाही, ती आकार ओळखते.

आणि मी काय वापरत होते? लॅबच्या फ्रीजरमधली, लिपोइक अ‍ॅसिड ओळखणारी अँटिबॉडी. पट्टी ई-२ च्या जागी येते म्हणून मी तिलाच ई-२ समजून बसले. नंतर प्रोटीनचा दुसरा भाग ओळखणारी अँटिबॉडी लावली, तर दोन्ही लेनमध्ये पट्ट्या सारख्याच! प्रोटीन तेवढंच होतं, त्याचा 'हात' कमी झाला होता. निष्कर्ष पूर्ण बदलला. खरं सांगायचं तर प्रश्न आधीपेक्षा जास्त रंजक झाला, पण चार महिन्यांची आकडेमोड पुन्हा करावी लागली.

म्हणून सुरुवातीलाच काही सवयी लावून घ्या. अँटिबॉडी कोणत्या तुकड्याविरुद्ध बनवली आहे, हे माहितीपत्रकात वाचा. जनुक काढलेल्या किंवा दाबलेल्या पेशींमध्ये पट्टी जाते का ते बघा. वेगळ्या भागावर बसणारी दुसरी अँटिबॉडी तेच सांगते का, हे तपासा. जमलं तर मास स्पेक्ट्रोमेट्रीनं पडताळा. अँटिबॉडीच्या प्रमाणीकरणासाठी २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं सुचवलेल्या पाच मार्गांमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टी येतात. आणि लॉट नंबर वहीत लिहा, अगदी न चुकता.

लंडनच्या त्या गटानं १९६५ मध्ये जे दिसलं तेवढंच मांडलं: मायटोकाँड्रिया चमकतात. पुढचं नाव पुराव्याची वाट बघत २३ वर्षं थांबलं. आपल्याला एवढं थांबावं लागत नाही. पण पट्टी बघून लगेच नाव द्यायच्या आधी एक कंट्रोल लावण्याइतकं तरी थांबायला हवं, नाही का?