कामवीकाठचे चिमुकले राज्य

आपली भाषा मोकळेपणाने बोलता यावी एवढ्यासाठी माणसे अर्धी पृथ्वी ओलांडून जातात, याचे मला फार नवल वाटते. एकोणिसाव्या शतकातील वेल्समध्ये कचेरी इंग्रजीत, शाळा इंग्रजीत. कित्येक शाळांत पोराच्या तोंडून वेल्श शब्द निघाला की गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. मायकेल जोन्स या धर्मोपदेशकाने स्वतंत्र वसाहतीचा ध्यास घेतला, आणि २८ मे १८६५ रोजी 'मिमोसा' हे जहाज सुमारे दीडशे माणसे घेऊन लिव्हरपूलहून पाटागोनियाकडे निघाले.

२८ जुलैला ते किनाऱ्यास लागले, तेव्हा तिकडे ऐन हिवाळा होता. समोर उजाड माळ. चुबुत नदी, म्हणजे त्यांची 'कामवी', कित्येक मैल दूर. आलेल्यांत मुरलेले शेतकरी थोडेच. पाऊस नाही, म्हणून पेरलेले करपले. अखेर १८६७ साली एरन जेंकिन्सच्या शेतात चर खणून नदीचे पाणी घेतले, आणि गहू तरारला. ही कल्पना त्याची बायको रेचेल हिची, असे सांगतात. मला ते खरे वाटते. घरात पीठ किती उरले आहे, हे तिच्याइतके कोणास ठाऊक असणार? पुढे पाटांचे जाळेच झाले.

तेहुएल्चे लोकांनी त्यांना शिकार शिकवली. पाव देऊन मांस घ्यावे, असा व्यवहार जमला. जमीन अर्जेंटिनाच्या सरकारने दिली खरी, परंतु ती मूळची या तेहुएल्चेंची, हे विसरून चालणार नाही.

कारभार पाहावा तर थक्क व्हावे. बारा जणांचे निवडलेले मंडळ, गुप्त मतदान, आणि अठरा वर्षांवरील स्त्रियांनाही मत! खुद्द ब्रिटनमध्ये स्त्रियांना ते १९१८ साली मिळाले, तेही तिशीनंतर. अर्जेंटिनात १९४७ साली. न्यायनिवाडा, शाळा, सारे वेल्शमध्ये. काही काळ स्वतःच्या कागदी नोटाही चालवल्या.

हे फार दिवस चालू देणे ब्वेनोस आयरिसला परवडणारे नव्हते. १८८४ च्या कायद्याने चुबुत हा केंद्राच्या ताब्यातील प्रदेश झाला, वर गव्हर्नर आला. शाळेत स्पॅनिश शिरली. तरुणांची लष्करी कवायत नेमकी रविवारी ठेवली गेली, आणि या चर्चनिष्ठ मंडळींना ते भाषेइतकेच झोंबले. त्यातच १८९९ च्या महापुराने घरे, शाळा, चर्च धुऊन नेली. १९०२ साली दोनशेंहून अधिक माणसांनी पुन्हा गाठोडी बांधली व कॅनडाची वाट धरली. उरलेल्यांनी पाट उपसायला घेतले.