कॅमेऱ्याची किल्ली कोणाकडे?

दरवर्षी १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन साजरा होतो. प्रदर्शने भरतात, सत्कार होतात. पण १८३९ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये नेमके काय घडले, हे फारसे कुणी सांगत नाही. त्या दिवशी कुणी मोठा फोटो काढला नव्हता. त्या दिवशी एक गुपित भरसभेत उघड करण्यात आले.

चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची युक्ती लुई दागेर याने साधली होती. त्याचा भागीदार निएप्स १८३३ मध्येच वारला होता. फ्रान्स सरकारने दागेरला ६,००० आणि निएप्सच्या मुलाला ४,००० फ्रँकांचे वर्षासन बांधून दिले आणि ती कृती लोकांसाठी खुली केली. आयोडिनची वाफ कशी द्यायची, पाऱ्याची धुरी कशी धरायची, हे सारे अरागो या शास्त्रज्ञाने सांगून टाकले. दागेरची माहितीपुस्तिकाही निघाली आणि अनेक भाषांत गेली.

मग काय झाले? फिझोने सोन्याच्या क्षाराने ही नाजूक चित्रे टिकाऊ केली. व्हिएन्नात पेट्झवालने अधिक प्रकाश घेणारे भिंग रचले. कुणी आयोडिनला ब्रोमिनची जोड दिली. जिथे कित्येक मिनिटे लागत, तिथे दोन-तीन वर्षांत मिनिटभराच्या आत काम होऊ लागले आणि माणसाचा चेहरा टिपता येऊ लागला. हे एकट्या दागेरच्या हातून झाले नसते.

इंग्लंडची गोष्ट मात्र निराळी. पॅरिसमधल्या सभेच्या पाचच दिवस आधी दागेरच्या वतीने तिथे पेटंट घेतले गेले. कागदावर फोटो काढण्याची टॅल्बटची पद्धतही १८४१ मध्ये पेटंटात गेली. टॅल्बटचे पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते. त्याच स्कॉटलंडमध्ये, एडिनबर्ग शहरात, हिल आणि ॲडम्सन या जोडीने १८४३ पासून कागदावरच्या छायाचित्रांचा केवढा तरी ठेवा उभा केला.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने काचेवरच्या ओल्या कोलोडियनची कृती पेटंट न घेता छापून टाकली. टॅल्बटने तिच्यावरही हक्क सांगितला, पण डिसेंबर १८५४ मध्ये लंडनच्या ज्यूरीने तो मानला नाही. त्याच १८५४ साली आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आर्चर १८५७ मध्ये गरिबीत गेला. दागेरचे गुपित सरकारने विकत घेतले होते. आर्चरला कुणी काही दिले नाही. ज्याने घाम गाळला त्याची भाकरी काढून घेणारा मोकळेपणा मला मान्य नाही.

आता आजच्या कॅमेऱ्याकडे या. त्याच्या पोटात कंपनीने भरलेली आज्ञावली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. कॅमेरा काय करील आणि काय करणार नाही, हे तीच ठरवते. कॅननच्या फाइव्ह-डी मार्क टू या कॅमेऱ्यात चित्रफीत घेताना आवाजाची पातळी हाताने ठरवता येत नव्हती. २००९ मध्ये ट्रॅमेल हडसन या वापरकर्त्याने ‘मॅजिक लँटर्न’ ही आज्ञावली लिहून ती सोय करून दाखवली. कंपनीने स्वतः ती सोय मार्च २०१० मध्ये दिली. यंत्राची ताकद मुळातच होती, कुलूप तेवढे लावलेले होते.

त्याआधी २००५ मध्ये निकॉनच्या डी-टू-एक्स कॅमेऱ्यावरून वाद झाला. फोटोतल्या रंगांच्या संतुलनाची माहिती कंपनीने सांकेतिक करून फायलीत ठेवली होती. फोटो छायाचित्रकाराचा, पण तो वाचण्याची किल्ली कंपनीची!

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस, यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण आमच्या गावात लग्नाचे फोटो काढून घर चालवणारे तरुण मी पाहतो. ऐन लग्नसराईत कॅमेरा बंद पडतो. इथल्या कारागिराच्या हातात कसब असते, पण दुरुस्तीची पुस्तिका नसते. कंपनी ती फक्त आपल्या अधिकृत केंद्राला देते आणि केंद्र असते दूर शहरात. तोवर तिथी निघून जाते.

कंपन्या म्हणतात, सारे उघडे केले तर प्रतिस्पर्धी नक्कल करतील आणि अर्धवट ज्ञानाने लोक कॅमेरे बिघडवतील. पहिली भीती खरी आहे. म्हणून नव्या कॅमेऱ्याचे गुपित काही वर्षे त्यांच्याकडे राहू द्यावे. दुसरी मात्र पटत नाही. आपल्या पैशाने घेतलेली वस्तू बिघडवण्याची जोखीमही मालकाचीच. दुरुस्तीची पुस्तिका आणि फायलींची रचना पहिल्या दिवसापासून मिळावी. ज्या कॅमेऱ्याचे उत्पादन आणि दुरुस्ती कंपनीनेच थांबवली, त्याचे फर्मवेअर तरी खुले करावे. त्यात कुणाची भाकरी जात नाही, उलट कपाटात पडलेले कितीतरी कॅमेरे पुन्हा कामाला लागतील.

छायाचित्रणाचा वाढदिवस आपण कृती खुली झाल्याच्या तारखेला साजरा करतो. त्या तारखेचा मान कॅमेरे बनवणाऱ्यांनीही राखावा, एवढेच मागणे आहे.