सूट कोणाला, कसोटी कशाची: वित्तीय नियम 173 (एक) वरील भाष्य

भाष्यासाठी घेतलेला मजकूर चार ओळींचा आहे. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधला नियम 173, पोटनियम एक, आणि त्यातलेही स्टार्टअपविषयीचे एकच वाक्य. मूळ इंग्रजी आहे. आशय असा: पूर्वीची उलाढाल व पूर्वीचा अनुभव या अटी स्टार्टअपसाठी शिथिल करता येतील, मात्र गुणवत्तेची व तांत्रिक विनिर्देशांची पूर्तता झाली पाहिजे आणि निविदेत तशी तरतूद असली पाहिजे. या वाक्याला व्यय विभागाच्या माल खरेदी नियमपुस्तिकेने एक पुरवणी जोडली आहे. तिच्यात ‘आरोग्य’ येते, आणि खरी अडचण तिथे आहे. तिच्याकडे क्रमाने जाऊ.

आधी अधिकाराची शंका. हा नियम केंद्राचा, आणि तू बसतोस अहिल्यानगर जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात. तुला बांधते ती राज्याच्या उद्योग विभागाची 1 डिसेंबर 2016 ची खरेदीची नियमपुस्तिका. मग हा नियम का वाचायचा? उत्तर असे. राज्यानेही सरकारी खरेदीचे जेम पोर्टल स्वीकारले आहे. त्यावरच्या निविदेच्या पहिल्याच पानावर एक रकाना असतो: स्टार्टअपना अनुभव व उलाढालीतून सूट, होय की नाही. हा रकाना भरणारे बोट तुझे. त्या रकान्यामागचा विचार या वाक्यात आहे. म्हणजे नियम तुझ्यावर थेट चालत नसला तरी त्याचा प्रश्न तुझ्या टेबलावर येतो. आणि ज्या जिल्ह्यात ज्ञानेश्वरीचे नेवासे आहे तिथे ओळीओळीने अर्थ लावण्याचा कंटाळा करू नये.

उदाहरण एकच धरू, तेही कल्पित. अकोले तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ईसीजी काढून तो मोबाईलवरून दूरच्या डॉक्टरकडे पाठवणारे यंत्र आणि त्यासोबतचे ॲप घ्यायचे आहे. बनवणारी कंपनी नवी आहे.

«पूर्वीची उलाढाल व पूर्वीचा अनुभव»

या दोन अटी आहेत, एक नव्हे. निविदेत त्या शेजारी बसतात म्हणून आपण त्या एका दमात वाचतो. उलाढाल विचारते: ही कंपनी उद्या टिकेल का? अनुभव विचारतो: ही वस्तू दुसरीकडे चालली आहे का? दोन्ही भीती रास्त आहेत. यंत्रे धूळ खात पडलेली आणि पुरवठादाराचा फोन बंद, हे चित्र कोणत्याही भांडारपालाला विचार, तो ओळखेल.

पण वस्तूच नवी असेल तर दुसरी अट स्वतःलाच छेदते. आजवर कोणी घेतलीच नाही, म्हणून कोणी पुरवलीही नाही. ‘तत्सम पुरवठ्याचा तीन वर्षांचा अनुभव’ असे लिहिले, याचा अर्थ कोणीही येऊ नये असे लिहिले; किंवा जुनीच वस्तू नव्या नावाने यावी असे लिहिले. प्रत्यक्षात दुसरे घडते.

या जिल्ह्याला हा पेच नवा नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावोगावच्या बायकांना आरोग्य सेविका म्हणून उभे केले. त्यांतल्या कितीजणी शाळेची पायरीही चढलेल्या नव्हत्या. पूर्वानुभवाच्या अटीवर त्यातली एकही उत्तीर्ण झाली नसती. आरोळे दांपत्याने त्यांचे पूर्वीचे काही पाहिले नाही. शिकवले, आणि मग त्यांचे काम तपासले. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनुभवाची अट काढली म्हणून परीक्षा काढली असे होत नाही, एवढेच येथून घे.

«स्टार्टअपसाठी»

स्टार्टअप म्हणजे कोण? ज्याच्या कार्यालयात फळा आणि रंगीत खुर्च्या आहेत तो नव्हे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या 19 फेब्रुवारी 2019 च्या अधिसूचनेतली व्याख्या अशी होती: नोंदणीपासून दहा वर्षांच्या आतली, कोणत्याही वर्षी 100 कोटींच्या वर उलाढाल न गेलेली, आणि नवे काही घडवणारी किंवा आहे ते सुधारणारी संस्था. ती खासगी मर्यादित कंपनी, भागीदारी संस्था किंवा मर्यादित दायित्व भागीदारी असावी. याचा अर्थ एकट्याच्या मालकीचा धंदा यात बसत नाही. संगमनेरचा एखादा हुशार मुलगा स्वतःच्या नावावर दुकान काढून उत्तम ॲप बनवील. या वाक्याच्या दृष्टीने तो स्टार्टअप नाही. मान्यतेचे प्रमाणपत्र माग, आणि त्यावरची तारीख वाच.

आता गर्भित अर्थ पाहा. सूट संस्थेला आहे, वस्तूला नाही. पन्नास वर्षांची जुनी कंपनी अगदी नवे यंत्र घेऊन आली तर तिला सूट नाही. कालची मान्यताप्राप्त कंपनी जुनाच रक्तदाबमापक विकत असेल तर तिला आहे. म्हणजे हे वाक्य नावीन्याचे नसून नवख्याचे आहे. मला हे त्याचे उणेपण वाटते, पण मजकूर आहे तसा वाचला पाहिजे. युरोपीय संघाने 2014 च्या खरेदी निर्देशात, कलम 31 मध्ये, दुसरी वाट घेतली: बाजारात जे मिळतच नाही ते घडवून घ्यायचे असेल तर खरेदीदार आणि घडवणारा यांच्यात टप्प्याटप्प्याची भागीदारी करता येते, आणि त्याच करारातून पुढे खरेदीही होते. तिथे प्रश्न वस्तूचा आहे. आपल्या वाक्यात तो संस्थेच्या वयाचा आहे.

«शिथिल करता येतील»

पूर्वपक्ष: ‘करता येतील’ म्हणजे मर्जी. दिली तर दिली. टेबलावर बहुतेक जण असेच वाचतात, कारण ‘नाही’ लिहिल्याने लेखापरीक्षक कधी विचारत नाही. ‘होय’ लिहिल्याने विचारतो.

दुसरे वाचन: अधिकार दिला तो वापरायचा की नाही, याचा विचार करण्याचे कर्तव्य त्यासोबत येते. मला हे दुसरे पटते, आणि त्याला आधार पुरवणीतच आहे. पुरवणी म्हणते की काही खरेदीत, पुरेसे समर्थन असेल तेथे, सूट न दिली तरी चालेल. म्हणजे न देण्याला समर्थन लागते. ज्याला कारण द्यावे लागते तो अपवाद. मग सूट देणे हीच सरळ वाट ठरते. येथे ‘समर्थन’ म्हणजे टिपणीतला परिच्छेद, मनातली खात्री नव्हे. नस्तीवर नसलेले कारण हे कारण नव्हे.

«गुणवत्तेची व तांत्रिक विनिर्देशांची पूर्तता झाली पाहिजे»

येथे थांब. सारे वाक्य या खांद्यावर उभे आहे.

सूट अनुभवाची आहे, कसोटीची नाही. पुरावा माफ झालेला नाही, त्याची जागा बदलली आहे. आधी तो बोलीदाराच्या भूतकाळात होता. आता तो विनिर्देशांत आहे. आणि विनिर्देश कोण लिहितो? तू. म्हणजे या वाक्याने नवख्या कंपनीचे ओझे हलके केले आणि ते तुझ्या डोक्यावर दिले. विनिर्देश ढिसाळ असतील तर सूट धोकादायक आहे. काटेकोर असतील तर अनुभवाची अट फारशी आठवणारही नाही.

विनिर्देश कसे असावेत हे त्याच नियमांतला नियम 144 सांगतो: वस्तुनिष्ठ, कार्याधारित, सर्वसाधारण आणि मोजता येण्याजोगे, शिवाय एखाद्या ब्रँडचे नाव मागू नये. ‘कार्याधारित’ म्हणजे वस्तू कशी बनली ते न लिहिता तिने काय करावे ते लिहायचे. उदाहरण घे. ‘यंत्राला फोर-जी जोडणी असावी’ ही ओळ निविदांत सर्रास दिसते. ती बनावट सांगते. तालुक्यातल्या घाटघर-साम्रदच्या बाजूला पावसाळ्यात रेंज गेली की ती ओळ पूर्ण करणारे यंत्रही गप्प. त्याऐवजी लिही: नेटवर्क नसताना ईसीजी काढता व साठवता यावा, रेंज आल्यावर तो आपोआप जावा, मध्ये एकही नोंद हरवू नये. हे मोजता येते. केंद्रात यंत्र मांडायचे, सिमकार्ड काढायचे, वीस ईसीजी काढायचे, सिम परत घालायचे, पलीकडे किती पोहोचले ते मोजायचे. आरोग्य सेविकेच्या हातात यंत्र देऊन मराठी पडद्यावर तिला ते चालवता येते का, हेही तिथेच पाहायचे. ही चाचणी निविदेत तांत्रिक छाननीचा भाग म्हणून आधी लिहिलेली असली पाहिजे. नंतर सुचली तर ती कोणाला तरी पाडण्यासाठी सुचली, असेच म्हटले जाईल.

डिजिटल वस्तूच्या विनिर्देशांत आणखी एक गोष्ट येते, जी खाटा आणि सलाईन स्टँडच्या निविदेत कधी लागली नाही: ठेका संपल्यावर नोंदी कोणाच्या? जुलै 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणकीय रुग्णनोंद प्रणाली खासगी पुरवठादाराशी झालेल्या वादातून बंद झाली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. तो पुरवठादार नवखा नव्हता. म्हणजे अनुभवाची अट या संकटापासून वाचवत नाही. वाचवते ती एक ओळ: सर्व नोंदी ठरलेल्या खुल्या स्वरूपात, ठरलेल्या मुदतीत, जास्तीचे पैसे न घेता परत द्याव्यात, आणि हे एकदा ठेका चालू असतानाच करून दाखवावे.

«निविदेत तशी तरतूद असली पाहिजे»

हे सोपे आहे. सूट निविदा निघतानाच लिहायची. लिफाफे उघडल्यावर दया म्हणून द्यायची नाही. बोलीपूर्व बैठकीत ठरले तर शुद्धिपत्रक काढायचे आणि मुदत वाढवायची. दोन गोष्टी वेगळ्या ठेव. मान्यताप्राप्त स्टार्टअपना बयाणा रक्कम माफ आहे, ती नियम 170 ने. काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत या वाक्याने माफ होत नाही. कित्येक तरुण कंपन्या येथे अडखळतात, म्हणून बैठकीत हे स्पष्ट सांग.

पुरवणी: «सार्वजनिक सुरक्षितता, आरोग्य, अतिमहत्त्वाची सुरक्षा कार्ये व उपकरणे इत्यादी»

आशय: अशा खरेदीत खरेदीदार अनुभवी पुरवठादाराला पसंती देऊ शकतो, पुरेसे समर्थन असेल तेथे अट शिथिल न करण्यास मुभा आहे.

पूर्वपक्ष: आपला विभागच आरोग्याचा. म्हणजे आपली प्रत्येक खरेदी आरोग्याची. म्हणजे सूट आपल्याला लागूच नाही. हे वाचन सोयीचे आहे, म्हणून लोकप्रिय आहे. ते मान्य केले तर औषधसाठ्याचे सॉफ्टवेअर, ओपीडीचे टोकन, आशांच्या मानधनाची नोंद, सगळे ‘आरोग्य’ होते. इतका रुंद अपवाद नियमालाच गिळतो, आणि नियम गिळणारे वाचन घेऊ नये, हा अर्थ लावण्याचा जुना दंडक आहे.

सिद्धान्तासाठी शेजारचे शब्द पाहा: सुरक्षितता, अतिमहत्त्वाची सुरक्षा कार्ये. त्यांच्यात समान काय? चूक झाली तर माणूस दगावतो, आणि ती परत घेता येत नाही. ‘आरोग्य’ त्याच पंगतीत बसले आहे, म्हणून त्याचा अर्थही तेवढाच. म्हणजे विभाग पाहू नको, वस्तू पाहा. टोकनचे यंत्र बंद पडले तर रांग लांबते. ईसीजी चुकला तर राजूरहून निघालेली रुग्णवाहिका चुकीच्या निर्णयावर निघते. पहिले अपवादात नाही. दुसरे असू शकते.

‘असू शकते’ म्हणालो, ‘आहे’ म्हणालो नाही. कारण ईसीजी यंत्राला दुसरा पहारेकरीही आहे. वैद्यकीय उपकरण नियम 2017 आणि 2020 ची अधिसूचना यांमुळे सर्व वैद्यकीय उपकरणे, त्यांत उपचार-निदानाचे सॉफ्टवेअरही आले, औषध कायद्याखाली आली. कमी धोक्याच्या अ व ब वर्गांना 1 ऑक्टोबर 2022 पासून आणि जास्त धोक्याच्या क व ड वर्गांना 1 ऑक्टोबर 2023 पासून परवाना सक्तीचा झाला. सुरक्षिततेची खात्री परवाना देतो. तीन वर्षांची सरासरी उलाढाल ती देत नाही. म्हणून परवाना असेल आणि वरची चाचणी पार पडली असेल, तर ‘आरोग्य’ एवढा एकच शब्द लिहून सूट नाकारणे हे पुरेसे समर्थन नव्हे. परवानाच नसेल, तर सूट देण्याचा प्रश्नच उरत नाही. ती बोली विनिर्देशांवरच पडते.

शेवटची शंका. राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या स्टार्टअपना ठरावीक रकमेपर्यंतचे कार्यादेश मिळतात, आणि सरकारी विभागात प्रायोगिक काम करता येते. आपल्या उदाहरणातली कंपनी या वाटेने येऊन अकोले तालुक्यात यंत्र चालवून गेली असेल, तर पुढची खरेदी तिच्याकडूनच थेट करता येईल का? नाही. तो कार्यादेश प्रयोगाचा होता. चौदाही तालुक्यांची खरेदी पुन्हा निविदेनेच. ‘दुसरे कोणी बनवतच नाही’ असे म्हणून नियम 166 ची एकल निविदा मागायची तर ते कंपनीने सांगून चालत नाही. वापरणाऱ्या विभागाने स्वतः बाजार पाहून तसे प्रमाणित करावे लागते, आणि सही तुझ्या साहेबांची असते. प्रयोगातून कंपनीला एक मात्र मिळते: कामाचा दाखला. म्हणून तो दाखला ‘काम समाधानकारक’ या दोन शब्दांत उरकू नको. किती केंद्रे, किती ईसीजी, किती पोहोचले, बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस आला, हे आकडे त्यात लिही. पुढच्या निविदेचे विनिर्देश तुला त्यातूनच काढायचे आहेत, आणि ते त्या कंपनीच्या मापाने शिवलेले दिसले तर पहिला आक्षेप बोलीपूर्व बैठकीतच येईल.