दफ्तरातला पूर्वज

आमच्या घरी दिवाळीत फराळाचे एक पान जास्त मांडतात. ते पान आरमारातल्या पूर्वजाचे. हा पुरुष कान्होजी आंग्र्यांच्या पदरी सुभेदार होता, असे आम्ही अलिबागची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. गेल्या दिवाळीत नातीने चकलीचा तुकडा मोडता मोडता विचारले, “आजोबा, त्यांचं नाव काय?” मी अक्काकडे पाहिले, अक्काने माझ्याकडे. सुभेदारी आठवणीत राहिली होती, नाव मात्र हरवले होते! त्याच दिवशी ठरवले, पुण्याच्या पुराभिलेखागारात जायचे.

पण दफ्तरखान्यात नुसते आडनाव घेऊन जाणे म्हणजे समुद्रात पडलेली अंगठी शोधण्यासारखे आहे. सुरुवात घरापासूनच करावी लागते. आपल्या किनाऱ्यावर आडनाव बहुधा गावाचा पत्ता सांगते. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज उतरले असे सांगणाऱ्या बेने इस्रायल बांधवांनीही इथल्याच गावांवरून नवगावकर, रेवदंडकर अशी नावे घेतली. मीही आमच्या आडनावाच्या गावी गेलो. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना 14, पाहिल्या. मग त्र्यंबकेश्वरी जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वहीतली आमची पाने उलगडून घेतली. सहा पिढ्या हाती आल्या. सातव्या पिढीपाशी वही मुकी झाली.

पुढचे काम दफ्तराचे. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी 1840 साली खालसा केले. त्यांच्या दफ्तराचे रुमाल पुण्यास पेशवे दफ्तराबरोबर सांभाळलेले आहेत. कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा तो रुमाल. 1891 सालापासून हे दफ्तर तिथल्या इमारतीत आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले. ते आधी चाळावेत, मगच रुमाल सोडायला सांगावेत, असा माझा बेत आहे. कंपनी सरकारचे कागद मात्र मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहावे लागतील.

शिवाय ‘आंग्रे’ म्हणजे कोणते आंग्रे, हेही आधी ठरवले पाहिजे. कान्होजी 1729 साली वारले. पुढे भाऊबंदकीत दौलत दुभागली. मानाजी कुलाब्यास राहिले, संभाजी व त्यांच्यामागून तुळाजी विजयदुर्गाकडे. 1756 साली पेशवे आणि इंग्रज मिळून विजयदुर्गावर चालून गेले, तेव्हा तुळाजींचे आरमार जळाले. आमचा पुरुष कोणत्या बाजूस होता कोण जाणे! किनाऱ्यावर ज्याला त्याला कान्होजींचाच सरदार व्हायचे असते. मानाजींचा खलाशी व्हायला कोणी तयार नसतो.

कागद सापडला तरी वाचता आला पाहिजे. मजकूर मोडीत. 2023 साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची किती वाण आहे ते सर्वांनी पाहिले. मी सत्तरीत नातीबरोबर मोडीचे धडे गिरवले. तिचे अक्षर माझ्यापेक्षा बरे! सालाचाही घोळ असतो. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून 1161. हे साल मृगापासून सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर 599 आणि जानेवारीपासून पुढे 600 मिळवायचे. या सालाच्या जानेवारीत 1761 येते. तेच पानिपतचे वर्ष.

मला शोधायच्या आहेत त्या सनदा नव्हेत. सनदा मोठ्यांच्या. साध्या माणसाचे नाव असते हजेरीत, पगाराच्या हिशेबात. ‘अमुक बिन तमुक’ एवढेच. कधी एखादा गडी लढाईत पडला तर मागे राहिलेल्या मुलाबाळांना ‘बालपरवेशी’ लावून दिलेली आढळते. आमच्या सहा पिढ्यांच्या वहीत एकाही बाईचे नाव नाही. अशा एखाद्या नोंदीत तरी त्याच्या बायकोचे नाव भेटावे, ही नातीची मागणी आहे, आणि ती मला रास्त वाटते.

एक भीती मात्र मनातून जाईना. तिथे सुभेदार सापडलाच नाही, गलबतावरचा साधा तांडेल निघाला, तर? वडिलांनी जन्मभर अभिमानाने सांगितलेली गोष्ट मी खोटी पाडायची का? निघायच्या आदल्या दिवशी अक्काला हे बोलून दाखवले. ती लाडू वळत होती.

“तांडेल तर तांडेल,” ती म्हणाली. “समुद्रावर गेला होता ना? पान काही कमी होत नाही. नाव मात्र आण, म्हणजे हाक मारून वाढता येईल.”

वहीत पहिल्या ओळीवर तेवढेच लिहून घेतले आहे: नाव आणायचे.