परसातली भाजी आणि मळ्यातला कोबी

महाराष्ट्राच्या शेतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची सारी भिस्त दप्तरांवर असते. जिराईत किती, बागाईत किती, मोटस्थळ कोणते नि पाटस्थळ कोणते, ह्याचा तपशील कमाविसदाराच्या हाताखालच्या कारकुनाने मोठ्या काटेकोरपणे टिपून ठेवलेला असतो. परंतु न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेले अळू, कुडाच्या कडेने उगवलेला तांबडा माठ, उकिरड्यालगत माजलेली अंबाडी ह्यांचा उल्लेख त्या रुमालांत शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी यावयाची. ह्याचे कारण जुन्या गावाच्या रचनेतच आहे. वस्तीची जागा ती पांढरी आणि कसाची जमीन ती काळी, असा भेद सर्वत्र रूढ असून जमीनमहसुलाची आकारणी काळीवर होत असे. परस होते पांढरीत. तेव्हा त्यात काय पिकते, ह्याची पंचाईत करण्याचे सरकारास फारसे प्रयोजन नव्हते.

मळ्याची गोष्ट निराळी. मळा म्हटला की विहीर आली, मोट आली, नाडा ओढणारी बैलजोडी आली आणि त्यांच्यामागोमाग बागाइताचा आकारही आला. तेराव्या शतकात अरण येथे मळा शिंपीत भक्ती करणाऱ्या सावता माळ्यांनी भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण त्या भाजीला प्रापंचिक मोलही होते, आणि जिला मोल असते तिच्यावर बलिष्ठांचा डोळाही असतोच. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील आपल्या लष्करी अंमलदारांना जे सुप्रसिद्ध पत्र धाडले, त्यात रयतेकडून काहीही ओरबाडून न घेता दाणा, गवत, फाटे ह्यांबरोबर भाजीपालाही बाजारातून रास्तपणे विकत घ्यावा, अशी सक्त ताकीद आहे. राज्यकर्त्याच्या पत्रात भाजीपाल्याने धान्याच्या पंक्तीस बसावे, ह्यावरूनच त्यावर एरवी किती हात पडत असतील ह्याची कल्पना येते.

परसातल्या भाजीविषयी दप्तरे जे सांगत नाहीत, ते सांगण्याचे काम आपल्या व्रतवैकल्यांनी केले आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचे अन्न खावयाचे नाही असा दंडक आहे. मग त्या दिवशीच्या भाजीत अळू, माठ व त्याचे जाड देठ, अंबाडी, सुरण, शिराळे, पडवळ, तांबडा भोपळा अशा हातांनी खणून लावलेल्या वस्तूच तेवढ्या पडतात. नांगराचे अन्न आणि हाताचे अन्न ह्यांतील हा भेद काळी-पांढरीच्या भेदाशी किती जुळता आहे! गंमत अशी की, त्याच भाजीत मक्याच्या कणसाचे तुकडे आणि हिरवी मिरचीही बिनदिक्कत पडते, आणि ही दोन्ही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली पिके होत. सोवळ्यात त्यांना प्रवेश कसा मिळाला, ह्याचे उत्तर शास्त्रग्रंथांत न शोधता परसातच शोधावे. एकदा लावलेल्या मिरचीचे बी घरीच धरता येते, कणसाचे दाणे पुढल्या वर्षी पुन्हा टोचता येतात. ज्याचे बी घरात राहिले ते दोन पिढ्यांत घरचेच झाले.

हे बी राखण्याचे काम पूर्वापार बायकांकडे. माठाचे एक जोमदार झाड न खुडता तसेच राखावयाचे, त्याला तुरा येऊ द्यावयाचा, तुरा वाळला की तो सुपात चोळून, पाखडून, काळेभोर, चकचकीत, मोहरीहूनही बारीक बी वेगळे काढावयाचे, आणि चिंधीत बांधून राखेच्या मडक्यात ठेवून द्यावयाचे, म्हणजे कीड लागण्याची धास्ती नाही. रांधण्यातही हीच काटकसरीची बुद्धी दिसते. अंबाडीची पाने उकडून, त्यांचे आंबट पाणी पिळून टाकून, त्यांत ज्वारीच्या वा तांदळाच्या कण्या घालून ती घोटावयाची, गुळाचा खडा टाकावयाचा, आणि पानात वाढल्यावर वरून लसणीची खमंग फोडणी ओतावयाची. चाकवत ताकात शिजवावयाचा. अळूला चिंच, गूळ, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे द्यावयाचे. भाकरीशी खाण्यास ह्याहून अधिक काही लागत नसे.

ह्या संसारात कोबी आला तो परका म्हणून. मूळचा हा युरोपच्या सागरतीरावरील वनस्पतिकुलाचा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, पुढे वसईत ठाणे दिले, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या वस्तूंत तोही होता. त्याचे नावदेखील त्यांच्याच भाषेतून आलेले आहे. परंतु मिरचीसारखा तो परसात रुजला नाही, ह्याचे कारण त्याच्या प्रकृतीत आहे. कोबी पहिल्या वर्षी गड्डा धरतो, आणि आठवडेच्या आठवडे कडाक्याची थंडी सोसल्यावाचून त्याला फुले येत नाहीत. दख्खनचा हिवाळा त्याला गड्ड्यापुरता पुरतो. बियांपुरता पुरत नाही. म्हणून त्याचे बी दरसाल बाहेरूनच यावे लागे. पूर्वी ते विलायतेहून येई, आणि स्वातंत्र्योत्तर काळात कुलू खोऱ्यातील कटराईनसारख्या थंड ठिकाणी ते तयार होऊ लागले.

विकतचे बी, नियमित पाणी आणि भरपूर खत ही सांगड जमल्यावाचून कोबीचा विस्तार होणे शक्य नव्हते, आणि ती जमली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले. मुठेच्या कालव्याचे पाणी हडपसर, मांजरीच्या शिवारांत खेळू लागले. शहरातले सोनखत तिकडे जाऊ लागले व तिकडची भाजी शहरात येऊ लागली. तिच्या विक्रीसाठी अष्टकोनी मनोऱ्याची भव्य मंडई १८८६ मध्ये पुण्यात उभी राहिली आणि तिला गव्हर्नर रे ह्यांचे नाव देण्यात आले. ह्या खर्चास नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला त्यांत जोतीराव फुले अग्रेसर होते. हा विरोध बागाइताच्या अज्ञानातून आलेला नव्हता. फुले जातीचे माळी, पेशव्यांना फुले पुरविणाऱ्या घराण्यातले. धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरविले होते व मांजरीस स्वतः शेती केली होती. पिकविणाऱ्याच्या मुलाला शाळा नाही आणि विकणाऱ्याला मनोरा, हा क्रम त्यांना उलटा वाटला असल्यास नवल नाही. पुढे त्याच मंडईस त्यांचेच नाव लाभले, आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केटही त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

मंडईतून घरी आलेल्या कोबीला मराठी स्वयंपाकघराने मात्र आपल्या वळणावर आणले. विळीवर रेशमासारखा बारीक चिरलेला कोबी, मोहरी-हिंगाची फोडणी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची. झाकणीवर पाणी ठेवून त्याच वाफेत तो शिजू द्यावयाचा आणि वरून ओले खोबरे व कोथिंबीर पेरावयाची. कोथिंबिरीच्या वड्यांची रीत त्याच्या वड्यांना लागू झाली. पचडीतही तो शिरला. इतके असूनही अनेक घरांत श्राद्धाच्या पानावर कोबी वर्ज्य राहिला, आणि अळूवाचून मात्र ते पान पुरे होत नाही. पितरांना जे ठाऊक नव्हते ते त्यांना वाढू नये, एवढाच त्यातला भाव असावा.

एखादे पीक देशी की विदेशी, हा वाद त्याच्या जन्मस्थानावरून घालण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. मका व मिरची सातासमुद्रांपलीकडून येऊन व्रताच्या भाजीत बसली, कारण त्यांचे बी मडक्यात राहिले. कोबी घरोघरी रोज शिजूनही दरसाल दुकानातूनच येतो. आज गच्चीवर वा अंगणात वाफे करणाऱ्यांनी कोबी हौसेने लावावा, त्याचा कोवळा गड्डा स्वतःच्या हाताने कापून खाण्यातला आनंद दुर्मीळ आहे. परंतु त्याच वाफ्याच्या टोकाशी माठाचे एक झाड न खुडता तुऱ्यावर येऊ द्यावे. घरची भाजी ह्या शब्दांचा जुना अर्थ त्या झाडापुरता तरी कायम राहील.