खालची भेग वर येते

जुन्या काँक्रीटवर डांबराचा थर दिला की रस्ता नवा दिसतो. पण पुष्कळदा थोड्याच वर्षांत, खालच्या सांध्यांच्या नेमक्या जागी, वर भेगा उमटतात. असे का होते? तापमान ३० अंश सेल्सिअसने उतरले, की काँक्रीटची ५ मीटर लांबीची लादी सुमारे दीड मिलिमीटर आकसते आणि सांधा रुंदावतो. वर घट्ट चिकटलेल्या डांबराला हा सारा ताण सांध्यावरच्या चिंचोळ्या पट्टीतच सोसावा लागतो. थंडीने कडक झालेले डांबर मग तडकते.

अमेरिकेतील फिनिक्स शहरात चार्ल्स मॅक्डॉनल्ड या अभियंत्याने १९६० च्या दशकात तडकलेल्या रस्त्यांना ठिगळे लावण्यासाठी टायरांचा चुरा गरम डांबरात मिसळला. मिश्रण लवचीक झाले. २००३ पासून तेथील काँक्रीटच्या महामार्गांवर, वाहनांचा आवाज कमी व्हावा म्हणून, अशा रबरयुक्त डांबराचा सुमारे २५ मिलिमीटर जाडीचा थर देण्यात आला. आवाज घटला, पण थर कालांतराने झिजला, उखडला. २०२० नंतर काही मार्गांवर तो खरवडून खालचे काँक्रीटच हिऱ्याच्या पात्यांनी घासण्यात आले.

तेव्हा नवा थर देण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारायचा तो हा : खालची लादी किती हलते?